वळणाआधीचा जोरदार ब्रेक आणि गाडीवरील बैठक: कंबर नेमकी कधी सरकवावी?

सह्यवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे यामाहा आर-१५ आहे. येत्या हिवाळ्यात चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर एका प्रशिक्षण शिबिराला जाण्याचे ठरवले आहे आणि त्याआधी गाडीवरील बैठकीविषयीचे माझे आकलन पक्के व्हावे, अशी इच्छा आहे.

अडचण अशी की, वेगात येऊन पुढचा ब्रेक जोरात दाबला की शरीर पुढे घसरून टाकीला टेकते आणि सगळा भार मनगटांवर येतो. त्याच स्थितीत गाडी वळणात घालू लागलो की हँडल जड लागते आणि मनात धरलेल्या रेषेपेक्षा गाडी बाहेरून जाते. ब्रेक पूर्ण सोडून, अंग सावरून मग गाडी वळवली तर असे होत नाही. त्यामुळे टायर किंवा सस्पेन्शनमध्ये दोष नसावा, असा माझा अंदाज आहे.

याविषयी मला दोन परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत. एकाचे म्हणणे असे की, ब्रेक लावताना शरीर गाडीच्या बरोबर मध्यावर असावे, दोन्ही गुडघ्यांनी टाकी धरावी आणि ब्रेक सोडल्यानंतरच कंबर आतल्या बाजूला न्यावी. दुसऱ्याच्या मते कंबर ब्रेकच्या आधीच सरकवलेली असली पाहिजे. दोघेही अनेक वर्षे ट्रॅकवर गाडी चालवणारे आहेत. तर योग्य क्रम कोणता आणि त्यामागचे कारण काय? शिवाय ट्रॅकवर शिकलेल्या बैठकीचा किती भाग ताम्हिणी किंवा वरंधा घाटात वापरावा, याविषयीही जाणकारांनी लिहावे.

ट्रॅकवारी

सह्यवाट, तुमच्या वर्णनातील मूळ दुखणे मनगटांवरचा भार हे आहे; रेषा सुटणे हा त्याचा परिणाम आहे. चालत्या गाडीला उजवीकडे झुकवण्यासाठी उजवे हँडल पुढे ढकलावे लागते आणि डावीकडे झुकवण्यासाठी डावे. हे काम हलक्या हाताने होते, पण दुसरा हात सैल असेल तरच. ब्रेकमुळे पुढे फेकले गेलेले शरीर जेव्हा दोन्ही हात ताठ करून स्वतःला सावरते, तेव्हा एका हाताच्या ढकलण्याला दुसरा हात विरोध करत राहतो. तुम्हाला जाणवणारा हँडलचा जडपणा हा बहुतांशी तुमच्याच दुसऱ्या हाताचा आहे. त्यात भर अशी की, झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबलेला असताना गाडी स्वभावतःच उभी राहू पाहते. ही दोन कारणे एकत्र आली की गाडी बाहेर जाणारच.

म्हणून शरीराचा भार हातांकडून काढून मांड्या, पोट आणि पाठ यांच्याकडे सोपवणे, हे बैठकीचे पहिले प्रयोजन आहे. गुडघा जमिनीला टेकवणे हे प्रयोजन नाही. तो टेकला तर आपण किती झुकलो आहोत याचे एक माप मिळते, इतकेच. छायाचित्रांमुळे नवशिक्यांचे लक्ष नेमके तिथे जाते आणि मग कंबर भरपूर बाहेर, पण डोके आणि खांदे मात्र टाकीच्या दुसऱ्या बाजूला, अशी पिळवटलेली बैठक तयार होते. अशा बैठकीत वरचे आणि खालचे शरीर एकमेकांचा परिणाम खोडून काढतात आणि बाहेरच्या हातावर सतत ताण राहतो.

आता क्रम. मी कंबर ब्रेकच्या आधी सरकवण्याच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. ब्रेक पूर्ण लागलेला असतो, पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचे सस्पेन्शन) दबलेला असतो आणि मागच्या चाकावर फार थोडा भार उरलेला असतो. त्या क्षणी आसनावरून अंग उचलून बाजूला नेणे म्हणजे गाडी सर्वांत नाजूक असताना तिला धक्का देणे. त्यातच अंग उचलताना बहुतेक जण नकळत हँडलला लोंबकळतात. याउलट सरळ पट्ट्यावर, थ्रॉटल उघडे असताना, पायांवर जोर देऊन कंबर अलगद सरकवली तर गाडीला ते जाणवतही नाही.

मात्र तुम्हाला मिळालेला पहिला सल्लाही निराधार नाही. ब्रेक लावताना दोन्ही गुडघ्यांचा आधार खरोखरच हवा असतो. मेळ असा घालायचा: उजव्या वळणासाठी कंबर आधीच उजवीकडे सरकवावी, अर्धे नितंब आसनाबाहेर येईल एवढीच, परंतु उजवा गुडघा लगेच उघडू नये, तो टाकीलाच लागून असावा. बाहेरची, म्हणजे डावी, मांडी टाकीच्या खोबणीत घट्ट बसवावी आणि डाव्या पायाची टाच किंचित वर करून गुडघा टाकीत दाबावा. या स्थितीत ब्रेक लावला की भार डाव्या मांडीवर आणि उजव्या गुडघ्यावर विभागला जातो. गाडी झुकवण्याच्या क्षणी उजवा गुडघा उघडतो आणि डोके व खांदे वळणाच्या आत, थोडे खाली जातात. कंबर आधी, धड नंतर.

बसताना टाकी आणि जांघ यांच्यात साधारण मुठीएवढी जागा ठेवावी. टाकीला चिकटून बसल्यास कंबर सरकताना टाकीभोवती फिरते, बाहेरचा कूल्हा मागे आणि आतला पुढे जातो व सगळे शरीर वळणाच्या उलट दिशेला तोंड करते. जागा ठेवली की कंबर सरळ बाजूला सरकते. आर-१५ची टाकी गुळगुळीत आहे. चामड्याचा सूट घातल्यावर मांडी तिच्यावरून घसरते. टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिपच्या पट्ट्या लावून घ्या. हा खर्च एक्झॉस्ट बदलण्याच्या खर्चापेक्षा फार कमी आणि फार अधिक उपयोगाचा आहे.

पायांविषयी फारसे बोलले जात नाही, पण सगळी रचना पायांवर उभी असते. वळणात फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवण्याच्या दांडीवर, पायाचा चवडा असावा, तळव्याचा मधला भाग नव्हे. चवड्यावर असताना गुडघा मोकळेपणाने उघडतो, अंग उचलता येते आणि बुटाचे टोक जमिनीला घासत नाही. अडचण ही की, चवड्यावर असलेल्या डाव्या पायाने गिअर बदलता येत नाही आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबता येत नाही. म्हणून डाव्या वळणाआधी गिअर उतरवण्याचे काम ब्रेक लावतानाच पूर्ण करून मग पाय मागे घ्यावा लागतो. हा छोटा बदल प्रत्येक वळणाआधी ठरल्या वेळी होण्यासाठी घरी गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचे चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) उभी करून सराव करावा. त्यासाठी वेग लागत नाही.

हातांबद्दल शेवटचे. उजव्या वळणात थ्रॉटलची मूठ सरळ आडवी न पकडता, स्क्रूड्रायव्हर धरावा तशी तिरकी पकडावी. त्यामुळे कोपर आपोआप बाहेर व खाली जाते आणि मनगट न मोडता थ्रॉटल उघडता येते.

गणितप्रेमी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. काही आकडे मांडतो, म्हणजे कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचे हे स्पष्ट होईल.

गाडीचे वजन १४२ किलो, चालकाचे साहित्यासह ७० किलो, दोन चाकांमधील अंतर १,३२५ मिलिमीटर आणि गाडी व चालक यांचा एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच व दोन्ही चाकांच्या मधोमध आहे, असे धरू. गुरुत्वीय त्वरणाच्या ०.८ पट मंदन होईल इतका ब्रेक लावला, तर मागच्या चाकावरून सुमारे ८३ किलो भार पुढच्या चाकावर जातो. म्हणजे पुढे जवळपास १८९ आणि मागे अवघा २३ किलो उरतो. कंबर त्या क्षणी सरकवू नये असे ट्रॅकवारी का म्हणतात, ते या २३ किलोंवरून समजेल. चालकाचे शरीर त्याच वेळी सुमारे ५६ किलो वजनाइतक्या जोराने पुढे ढकलले जात असते. एवढा जोर मनगटांनी पेलायचा की मांड्यांनी, एवढाच प्रश्न उरतो.

ब्रेक लावताना चालक १० सेंटिमीटर मागे सरकून बसला, तर एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे ३.३ सेंटिमीटर मागे जातो. मागचे चाक उचलले जाण्याची मर्यादा त्यामुळे गुरुत्वीय त्वरणाच्या साधारण १.०२ पटीवरून १.०७ पटीवर जाते. लाभ लहान आहे, पण फुकटचा आहे. छाती उचलून वाऱ्यात धरल्याने सरळ पट्ट्याच्या शेवटी हवेचा अडथळाही मदतीला येतो, मात्र वेग उतरत जाईल तसा तो झपाट्याने घटतो.

आता झुकाव. ४० मीटर त्रिज्येच्या वळणातून ताशी ६० किलोमीटर वेगाने जाण्यासाठी सुमारे ३५ अंशांचा झुकाव लागतो. टायरच्या रुंदीमुळे प्रत्यक्ष गाडीला याहून थोडे अधिक झुकावे लागते. चालकाने आपला गुरुत्वमध्य १२ सेंटिमीटर आत नेला, तर एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे ४ सेंटिमीटर आत येतो आणि तेच वळण तेवढ्याच वेगाने घेताना गाडीचा झुकाव साधारण साडेतीन अंशांनी कमी होतो. टायर आपल्या कडेवर जाण्याआधी तेवढी जागा शिल्लक राहते. लाभ आहे तो हाच. अंग बाहेर काढल्याने गाडी वळते, असा एक समज आहे. तो टिकणारा नाही. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे संस्थापक कीथ कोड यांनी यासाठी एक गाडी बनवली. तिला नेहमीच्या हँडलखेरीज, थेट चौकटीला पक्के बसवलेले दुसरे हँडल होते. ते दुसरे हँडल धरून केवळ अंग हलवून गाडी नेमकी वळवण्याचा प्रयत्न केला, की गाडी थोडीशी डुलते, पण हवी तेव्हा हवी तशी वळत नाही. दिशा हँडल देते. बैठक त्या हँडलला मोकळे ठेवते आणि झुकाव वाचवते.

इतिहासातही हाच क्रम दिसतो. १९७२ साली २५० सीसी गटाचा जगज्जेता ठरलेला फिनलंडचा यार्नो सारिनेन अंग आत झुकवून गाडी चालवत असे आणि १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षे ५०० सीसीचे जगज्जेतेपद मिळवणाऱ्या केनी रॉबर्ट्सने गुडघा टेकवण्याची शैली सर्वदूर नेली. आजच्या काळातला शर्यतपटू मार्क मार्केझ कोपर टेकवतो, कारण आजचे शर्यतीचे टायर ६० अंशांहून अधिक झुकाव पेलतात. प्रत्येक काळातील शैली त्या काळातील टायरच्या पकडीतून आली आहे. म्हणून रस्त्यावरच्या टायरवर मार्केझची नक्कल करण्यात अर्थ नाही.

करवीर_आरसी

घाटाबद्दलचा प्रश्न मागे पडू नये, म्हणून लिहितो. मी केटीएम आरसी ३९० चालवतो आणि आंबा, फोंडा, आंबोली हे माझे नेहमीचे घाट आहेत.

ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात आणि पुढे काय आहे हे प्रत्येक फेरीला सारखे असते. घाटात पुढच्या वळणावर एसटी रस्त्याच्या मधोमध असू शकते, डांबरावर खडी किंवा डिझेल सांडलेले असू शकते आणि पावसाळ्यानंतर कडेच्या सावलीतील पट्ट्यात शेवाळ राहिलेले असते. अशा ठिकाणी झुकावाची मर्यादा टायरवरून ठरत नाही, डोळ्यांना किती अंतर दिसते यावरून ठरते.

एक धोका मला आवर्जून सांगावासा वाटतो, कारण परदेशी चित्रफिती पाहून तो लक्षात येत नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. उजव्या वळणात गाडी झुकली की आपले डोके मध्यरेषेकडे जाते. डोके चाकापासून सुमारे १२० सेंटिमीटर उंचीवर धरले, तर ३५ अंशांच्या झुकावात ते चाकाच्या रेषेपेक्षा जवळजवळ ७० सेंटिमीटर आत असते. अंग बाहेर काढले तर आणखी पुढे. चाके आपल्या बाजूला असूनही डोके समोरून येणाऱ्या गाडीच्या वाटेत, असा प्रकार यातून होतो. उजव्या वळणात चाकांची रेषा डावीकडे राखून, डोके मध्यरेषेच्या अलीकडे राहील एवढे अंतर ठेवणे हा माझ्या दृष्टीने घाटातील पहिला नियम आहे. डाव्या वळणात दरड किंवा झाडी दृष्टी अडवते आणि खडी बहुधा आतल्या कडेलाच जमलेली असते, त्यामुळे तिथे आत फार लवकर शिरू नये.

उतारावर मनगटांची समस्या अधिक बिकट होते, कारण ब्रेक न लावताही शरीर पुढे ओढले जाते. तिथे मांड्यांनी टाकी धरणे, योग्य गिअर ठेवून इंजिनाला गाडी रोखू देणे आणि वळणाआधीच वेग उतरवून घेणे, एवढे केले तरी हात मोकळे राहतात. कंबर बाहेर काढण्याविषयी माझे मत ठाम आहे: सार्वजनिक रस्त्यावर ती काढूच नये. आसनावर मध्यभागी बसून केवळ डोके आणि आतला खांदा वळणाकडे किंचित नेला, तरी गणितप्रेमींनी सांगितलेल्या साडेतीन अंशांपैकी काही भाग मिळतो. समोर अचानक काही आले तर दुसऱ्या दिशेला वळण्यासाठी किंवा गाडी उभी करून थांबण्यासाठी शरीर मध्यावरच असलेले बरे.

सह्यवाट

तिघांचेही मनःपूर्वक आभार. डोके मध्यरेषेपलीकडे जाण्याचा मुद्दा मी आजवर कुठेही वाचला नव्हता.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी की, दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०२३ साली झालेल्या मोटोजीपी या जागतिक मोटरसायकल स्पर्धेच्या शर्यतीत चालक ब्रेक लावताना आतला पाय पेगवरून काढून हवेत लोंबकळत ठेवत होते. त्याचा बैठकीशी काय संबंध आहे? दुसरी शंका ब्रेक सोडण्याची. झुकलेली गाडी ब्रेकमुळे उभी राहू पाहते असे ट्रॅकवारी यांनी लिहिले आहे. मग वळणात शिरण्याआधी ब्रेक पूर्ण सोडावा की थोडा धरून ठेवावा?

ट्रॅकवारी

पहिली शंका लगेच संपवतो. पाय खाली सोडण्याची ही पद्धत इटलीचा शर्यतपटू व्हॅलेंतिनो रॉसी याच्यापासून पसरली. तिचे कारण विचारले तर चालक वेगवेगळी उत्तरे देतात: कोणी हवेचा अडथळा म्हणतो, कोणी तोल म्हणतो, कोणी सवय म्हणतो. पेगवर आतल्या पायाचा आधार असल्याशिवाय मांड्यांची पकड शिकता येत नाही, म्हणून शिकण्याच्या टप्प्यावर तिच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी शंका महत्त्वाची आहे. ब्रेक दाबला की पुढचा फोर्क दबतो, त्याचा कोन अधिक उभा होतो, ट्रेल (फोर्कची वळण्याची धुरी आणि पुढचे चाक जमिनीला जिथे टेकतात, त्यांतील अंतर) कमी होतो आणि गाडी चपळतेने वळते. वळणाच्या तोंडाशी ब्रेक एकदम सोडला तर फोर्क उसळून वर येतो, हा लाभ जातो आणि पुढच्या टायरवरचा भार नेमक्या गरजेच्या क्षणी हलका होतो. म्हणून ब्रेकचा मुख्य जोर गाडी उभी असतानाच संपवावा, आणि उरलेला हलका दाब झुकाव जसजसा वाढेल तसतसा बोटांनी सोडत न्यावा, एपेक्सच्या, म्हणजे वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूच्या, सुमारास तो शून्यावर यावा. टायरची पकड एकच असते. ती ब्रेकसाठी जेवढी खर्च होईल तेवढी वळण्यासाठी उरत नाही. गाडी उभी राहण्याची ओढ दाब कमी असल्यास किरकोळ असते आणि मोकळ्या हाताने हँडलला दिलेल्या हलक्या रेट्याने ती सहज काबूत राहते. ताठ हातांनी मात्र इतक्या बारकाईने ब्रेक सोडता येत नाही, कारण जी बोटे शरीर पेलत आहेत तीच बोटे लिव्हरवर आहेत.

आर-१५ला एबीएस (ब्रेकमध्ये चाक अडकू न देणारी यंत्रणा) आहे, परंतु तो झुकाव ओळखून वागणारा नाही, हे ध्यानात असू द्या. करवीर_आरसी यांच्या गाडीची २०२२नंतरची आवृत्ती असेल, तर तिला कॉर्नरिंग एबीएस, म्हणजे झुकाव ओळखणारा एबीएस, आहे. एकाच वळणात दोन्ही गाड्यांना सारखी वागणूक देऊन चालणार नाही.

घाटात कंबर न सरकवण्याबद्दल करवीर_आरसी यांनी लिहिले आहे, ते मला पूर्ण मान्य आहे. शिबिराला जाण्याआधी तुम्ही रस्त्यावर एवढाच सराव करा: रहदारी नसलेल्या सरळ, कोरड्या पट्ट्यावर ताशी ५० किलोमीटरवरून ब्रेक लावताना दोन्ही मांड्यांनी टाकी धरा आणि कोपरे इतकी सैल ठेवा की ब्रेक लागलेला असतानाही ती पंखांसारखी वरखाली हलवता आली पाहिजेत. ती हलत नसतील तर भार अजून हातांवरच आहे. ब्रेकची सुरुवात दोन बोटांनी, हळुवार दाबाने करा, फोर्क बसला की दाब वाढवा. चेन्नईला मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी पहिल्या वळणाकडे तुम्ही बऱ्याच वेगाने पोहोचाल. तिथे पहिल्या काही फेऱ्यांत ब्रेक लवकर लावा आणि कंबर त्याच्याही आधी सरकवून घ्या. ब्रेक लावण्याची जागा वळणाच्या आणखी जवळ नेण्याची घाई प्रशिक्षक सांगेपर्यंत करू नका.

करवीर_आरसी

माझी गाडी २०२२नंतरचीच आहे आणि कॉर्नरिंग एबीएस असूनही ओल्या घाटात मी पुढचा ब्रेक झुकावात जवळजवळ वापरत नाही. सह्यवाट, शिबिराला जाण्याआधी ब्रेक आणि क्लच लिव्हरचे कोनही तपासा. कोपरापासून बोटांपर्यंत हात एका सरळ रेषेत यावा इतके लिव्हर खाली वळवलेले असावेत. कारखान्यातून आलेला कोन प्रत्येकाच्या उंचीला जुळतोच असे नाही आणि लिव्हर वर राहिले तर मनगट मोडूनच ब्रेक धरावा लागतो. क्लॅम्पचे बोल्ट थोडे ढिले करून हे काम घरीच होते. बोल्ट पुन्हा आवळल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा आणि केबल किंवा ब्रेकचा होज कुठे ताणला जात नाही ना, याची खात्री करून घ्या.